थांबायच्या जागा

इस्राएल आळीतल्या आमच्या घरापासून मुलींच्या शाळेपर्यंत चौदाशे पावलं होती. धडधाकट माणूस बारा-तेरा मिनिटांत पोचायचा. मला पंचवीस मिनिटं लागत, आणि ऐन पावसाळ्यात चाळीससुद्धा. पावलं मोजायची मला हौस नव्हती. मला दमा होता, आणि न थांबता किती पावलं जमतील हे ठाऊक असल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसे. दमा अजूनही आहे. इतक्या वर्षांच्या सहवासाने तोही माझ्याइतकाच म्हातारा झाला आहे, त्यामुळे आमची भांडणं आता कमी होतात.

मी सांगते आहे ती हकिगत १९५८ सालची. पनवेलला तेव्हा रेल्वे आलेली नव्हती. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या मोटारी गावात थांबत, बैलगाडीची चाकं बनवणाऱ्या सुतारांची ठोकठोक सकाळपासून ऐकू येई, आणि गावाच्या चारी अंगांना तळी होती. आमच्या आळीत इस्राएल लोकांची, म्हणजे आम्हा यहुद्यांची, सोळा घरं होती. आम्ही प्रार्थना हिब्रूत करत असू आणि भांडणं मराठीत.

माझे वडील राफेल टपाल खात्यात होते. ते गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि ट्रेनिंग नुकतंच संपलं होतं. घरात मी आणि आई जोकबेद, दोघीच. वडिलांचे जुने पोस्टमास्तर इसाजीकाका आमच्याच आळीत राहत. निवृत्त झाल्यावर ते मुलींच्या शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी शब्द टाकला आणि मला नोकरी लागली. दोन वर्षं उमेदवारीची, मग कमिटी बसणार आणि ठरवणार की बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा. ती दोन वर्षं त्या मे महिन्यात पुरी होणार होती.

मला कायम व्हायचं होतं. दुसरं काही मला येत नव्हतं असं नाही, पण दुसरं काही मला झेपलं नसतं. शिकवणं झेपत होतं, आणि आवडतही होतं.

दम्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आधी त्या जागेवर होत्या त्या बाईंना संधिवात होता. हिवाळ्यात दोन-तीनदा त्यांच्या रजा झाल्या तेव्हा कमिटीत कोणीतरी म्हणालं की आजारी माणूस ठेवून शाळा चालत नाही. त्या गेल्या. ही गोष्ट मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळली, आणि मी तोंड मिटून घेतलं. आईनेही मिटलं होतं, पण तिचं कारण वेगळं. मुलगी दमेकरी आहे असं एकदा आळीत झालं की स्थळ येणार नाही, ही तिची धास्ती. डॉक्टर लिहून देत त्या इफेड्रिनच्या गोळ्या ती साबुदाण्याच्या डब्यात ठेवायची. गोळी घेतली की छाती मोकळी व्हायची, पण हात थरथरत आणि काळीज धडधडायचं. त्या दिवशी फळ्यावरचं माझं अक्षर मुलींनाही ओळखू येत नसे.

शाळेत मी माझ्या युक्त्या बसवल्या होत्या. माझा वर्ग माडीवर होता. मी घंटेच्या आधी वीस मिनिटं जाऊन जिना चढायची, पाच पायऱ्या आणि थांबा, पाच पायऱ्या आणि थांबा, आणि एकदा वर गेले की शाळा सुटेपर्यंत खाली उतरायची नाही. पाणी कमी प्यायची. फळा कोरड्या फडक्याने न पुसता ओल्याने पुसायची, म्हणजे खडूची भुकटी उडत नसे. कविता मी म्हणायच्या ऐवजी मुलींकडून म्हणवून घ्यायची. आषाढातल्या आणि थंडीतल्या माझ्या रजा आईच्या आजारपणाच्या नावावर असत. हसणं बेताचं ठेवलं होतं, कारण हसलं की खोकला आणि खोकला आला की पुढचं सगळं. मुली मला कडक समजत.

कवायतीचा तास मात्र युक्तीने भागण्यासारखा नव्हता. तो शकू घ्यायची. शकू माझ्याबरोबरच लागलेली, माझ्याहून वर्षाने लहान, उड्या मारायला एका पायावर तयार. तिला मी म्हटलं होतं की मला कवायत येत नाही, लाज वाटते. बदल्यात तिच्या वर्गाच्या शुद्धलेखनाच्या वह्या मी तपासायची. मुख्याध्यापिका गंगाबाई आपल्या खोलीत असत, कवायत मागच्या अंगणात चाले. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

राहिली रस्त्यावरची चौदाशे पावलं. आळीबाहेर सोपं होतं. सुतारांच्या दुकानासमोर उभं राहून चाकाला लोखंडी धाव चढवताना बघता येई, सिनेमाच्या जाहिराती वाचता येत. रस्त्यावर थांबलेल्या बाईला कोणी विचारत नाही. आळीत मात्र सगळे ओळखीचे. तिथे उगाच थांबलं की चार जणी विचारणार, काय ग लीया, बरं नाही का.

एके दिवशी, कार्तिकाच्या सुमाराला, इसाजीकाकांच्या दाराशीच माझी छाती भरून आली. मी चौकटीला हात टेकून उभी राहिले. आमच्या घरांच्या दारांवर उजव्या बाजूच्या चौकटीला मेझुझा असतो. बोटभर लांबीची नळी, आत धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली गुंडाळी. घरात शिरताना, बाहेर पडताना तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना. माझा हात नेमका मेझुझाखाली होता, आणि नेमके तेव्हाच इसाजीकाका दार उघडून बाहेर आले. काय करावं ते सुचेना. मी बोटं वर सरकवली, मेझुझाला लावली, ओठांना लावली आणि डोळे मिटून उभी राहिले. बोलायला श्वासच नव्हता, त्यामुळे बोललेही नाही.

काका बाजूला उभे राहिले. मी चालायला लागले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. दुसऱ्याच्या दारावरून जाताना, आत जायचं नसताना मेझुझाला हात लावणारी मुलगी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम केलं. मग ते रोजचंच झालं. आमच्या घरापासून आळीच्या तोंडापर्यंत माझ्या वाटेवर नऊ दारं होती. मला तीन पुरत, पण कधी कधी पाच लागत, आणि धुकं असेल तर नऊच्या नऊ. प्रत्येक दाराशी बोटं चौकटीला, डोळे मिटलेले, मनात वीसपर्यंत आकडे. आळी बघत होती. महिन्याभरात बायका आपल्या मुलींना म्हणू लागल्या, बघा, राफेलची लेक, बाप गेला पण वळण राहिलं. एका बाईने मुलाचा ताप उतरावा म्हणून मला त्याच्या डोक्यावर हात ठेवायला बोलावलं. रेवदंड्याच्या एका घरातून इसाजीकाकांमार्फत माझी चौकशी आली. आई हरखली. मला आतून बरं वाटत नव्हतं, पण श्वास चालत होता आणि मी शाळेत वेळेवर पोचत होते.

खरी गोष्ट आळीबाहेरच्या एकीलाच माहीत होती. नूरुन्निसा माझी लहानपणची मैत्रीण, पलीकडच्या मोहल्ल्यातली. तिच्या अब्बांचं सुक्या मासळीचं दुकान होतं. ती आमच्याकडे बसली होती आणि मी दारांचं सगळं तिला सांगितलं. तिला हसू आवरेना.

"अगं, आमच्या मशिदीतल्या हाफिजजींना कळलं तर तेही तुला सलाम करतील," ती म्हणाली. मग तिने हसू आवरलं. "लीया, माणसांशी झूठ बोलतेस ते ठीक. पण त्याच्या नावावर?"

मी म्हटलं, तो समजून घेईल, त्यानेच छाती अशी दिली आहे. ती म्हणाली की तो समजून घेईलच, तिला भीती इसाजीकाकांची वाटते.

मार्चमध्ये सणाच्या पिठाचं काम माझ्याकडे आलं. पेसाहच्या सणात आठ दिवस आम्ही खमीर असलेलं काही खात नाही, बिनखमिराच्या भाकऱ्या खातो. त्यांचं पीठ बाजारच्या गिरणीत दळून चालत नसे. सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, मागे एक खोली होती, तिथे त्या कामापुरतं राखलेलं जातं होतं. गहू निवडून, तिथेच दळून, चाळून ठेवायचा. त्याला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. ओल लागली की पीठ आंबायला सुरुवात झाली असं धरतात आणि ते सणाला चालत नाही. म्हणून खिडक्या लावून, दार ओढून बसायचं. आमच्या आळीत रीत अशी होती की हे काम दर वर्षी एका बाईकडे मानाने जाई आणि दोघी तिच्या हाताखाली असत. कोण ते इसाजीकाका ठरवत. त्या वर्षी त्यांनी माझं नाव घेतलं. अविवाहित मुलीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. सोळा घरांचं पीठ, तीन दिवसांचं काम.

बंद खोली आणि पिठाचा धुरळा. डॉक्टरांनी मला घरातसुद्धा चाळण हातात धरायला मनाई केली होती.

आईने तीन तोडगे काढले. माझ्या ऐवजी म्हणून ती जाईल, किंवा मी मुंबईला मावशीकडे जावं, किंवा त्या दिवसांत मला शिवायचं नाही असं सांगावं. पहिला काकांनी मानला नसता, दुसऱ्यासाठी शाळेतून रजा मागावी लागली असती, आणि तिसरं खोटं फार तर चार दिवस टिकलं असतं, सण दोन आठवड्यांवर होता. नूरुन्निसाने एकच तोडगा सांगितला, की काकांकडे जाऊन बोलून टाक. मी जाऊनही आले. काका ओटीवर बसून माझ्याच रेवदंड्याच्या स्थळाला पत्र लिहीत होते. मी पाणी प्यायले आणि परत आले.

मग मी ठरवलं की इतर कामांसारखंच हेही बसवायचं. तीन दिवस रोज गोळी घ्यायची. नाकातोंडाला ओढणीसारखं फडकं बांधायचं, सांगायचं की श्वासाची ओल पिठाला लागू नये म्हणून. हे बायकांना इतकं पटलं की दुसऱ्या दोघींनीही बांधलं. वीस फेरे दळायचे आणि खुंटा सोडून डोळे मिटून बसायचं. त्या समजत की मी पुटपुटते आहे. पहिला दिवस तसा पार पडला. घरी येऊन मी उशी मांडीवर घेऊन तिच्यावर ओणवी बसले, आणि आईने धुरी घ्यायला बशीत दम्याची पूड पेटवली. सकाळी शाळा केली. दुपारी परत जात्यावर.

तिसऱ्या दिवशी चाळणं होतं. इसाजीकाकांची बायको अबीगेलकाकू माझ्या समोर बसली होती. मोठ्या परातीत दोन दिवसांचं पीठ जमलं होतं, पांढरंशुभ्र, मऊ. मी चाळण हलवत होते आणि छातीत बारीक शीळ वाजायला लागली ती मला ऐकू येत होती. थांबायला हवं होतं. पण अबीगेलकाकू सांगत होती की यंदाच्यासारखं पीठ तिच्या सासूच्या वेळेपासून झालं नाही, आणि मला वाटलं एवढी एक चाळण संपवू. खोकल्याची उबळ आली तशी मी फडकं ओढून काढलं, कारण त्यातून हवा येईना, आणि आधाराला पुढे हात टेकला तो परातीत. मी पिठावर ओणवी होते आणि खोकत होते. नाकातोंडातून, डोळ्यांतून जे यायचं ते सगळं त्या पिठात पडत होतं, आणि मला डोकं बाजूला घेता येत नव्हतं.

मला उचलून बाहेर आणलं, डॉक्टर आले, दंडात इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने मी भिंतीला टेकून बसले होते आणि अंगणात आळीतल्या निम्म्या बायका उभ्या होत्या. डॉक्टर बाहेरगावचे, आळीत हे लपवलेलं आहे ते त्यांना काय माहीत. ते सगळ्यांदेखत आईला रागावले की इतक्या वर्षांचा दमा असताना हिला पिठात बसवलंतच कसं.

पीठ सगळं गेलं. इसाजीकाकांनी परातीत पाहिलं आणि म्हणाले, ओल ती ओल. ते गुरांना घातलं. नवा गहू आणून, चार जणींनी रात्रंदिवस बसून सणाच्या आदल्या दिवशी काम पुरं केलं. शाळेपुरती मी बाहेर पडले, एरवी मी आणि आई त्या आठवड्यात दारातून बाहेर पडलो नाही म्हटलं तरी चालेल.

आळीला दोन आणि दोन चार मांडायला वेळ लागला नाही. दारं, मिटलेले डोळे, बोटं. एक बाई आईला विहिरीवर म्हणाली की तुमची लीया आमच्या चौकटीला देव बघायला थांबायची की हवा खायला, ते तेवढं विचारून सांगा. दुसरीने सांगितलं की तापवाल्या मुलाच्या डोक्यावर ठेवलेला हात धुऊन घ्यायला हवा होता. रेवदंड्याहून पत्र आलं ते दोन ओळींचं होतं.

सण संपल्यावर इसाजीकाका आमच्याकडे आले. आईने खुर्ची दिली. ते काठीवर हात ठेवून बसले आणि आईला म्हणाले की मला हिच्याशी बोलायचं आहे, तुम्ही बसलात तरी चालेल.

"पिठाचं मी विचारत नाही," ते म्हणाले. "दाराचं विचारतो. त्यातलं एकदा तरी खरं होतं का?"

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी नव्हतं. पुढे काही दिवस असेल. इतक्या वेळा हात लावला की कधी कधी मनात येतंच. पण कुठला दिवस खरा आणि कुठला नाही, हे मला सांगता येणार नाही, काका."

"मी लोकांना तुझं नाव घेऊन सांगत होतो."

"हो."

"माझ्या नातवांना सांगितलं."

आई रडायला लागली. काका तिला म्हणाले, जोकबेद, आता रडून काय, दहा वर्षांपूर्वी बोलला असतात तर चाललं असतं. मग त्यांनी मला सांगितलं की कमिटी बारा मेला बसणार आहे. ते तिथे आपणहून काही सांगणार नाहीत, पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाहीत. त्याआधी मी गंगाबाईंकडे जावं. जायचं की नाही ते माझ्यावर. एवढं बोलून ते उठले. दारातून जाताना मेझुझाला हात लावायला विसरले, आणि दोन पावलं परत येऊन लावून गेले.

गंगाबाई उंच, काटक, पांढऱ्या लुगड्यातल्या. पंचवीस वर्षं त्यांनी ती शाळा चालवली होती. मी सगळं सांगितलं. जिना, पाणी, फडकं. शकूचं नाव काढायचं नव्हतं, पण त्यांनी थेट विचारलं.

"मग कवायत कोण घेतं?"

"शकू."

"आणि तिचं तुम्ही काय करता?"

"वह्या तपासते. तिच्याही वर्गाच्या."

"तरीच शकूच्या मुलींचं शुद्धलेखन सुधारलं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "दोन वर्षं तुम्ही दोघींनी मला फसवलंत. आजार असणं हा गुन्हा नाही, लीयाबाई, हा आहे. मला माहीत असतं तर तुम्हाला माडीवर वर्ग दिला असता का मी? उद्या पोरींसमोर जिन्यात पडला असता तर जबाब कोणी द्यायचा?"

मी उभीच होते. बसा म्हणाल्या नव्हत्या. मग त्यांनी टेबलावरून एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं, यावर लिहा. काय जमतं आणि काय जमत नाही. उद्या आणून द्या. सारवासारव नको.

तो कागद मला रात्रभर पुरला. जमत नाही ते मी आयुष्यात कधी एका जागी लिहिलं नव्हतं, मनातसुद्धा. मी ते सुटं सुटं लपवत आले होते. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं कागद पुरणार नाही. आणि झालं सातच ओळींचं: कवायत. जिना दिवसातून दुसऱ्यांदा. झाडलोट. कोरडा खडू झटकणं. मोठ्या आवाजात सलग बोलणं. सहलीला चालत जाणं. उभं राहून पूर्ण तास. जमतं त्याच्या बाजूला मी आधी काहीच लिहिलं नाही, मग आईने पाहून म्हटलं की अगं, ही बाजू रिकामी कशी देतेस. तिने सांगितलं आणि मी लिहिलं. ती बाजू पानभर झाली.

गंगाबाईंनी वाचलं. सहलीवर काट मारली, म्हणाल्या, बैलगाडीतून जाता येतं. खाली एक ओळ आपल्या हाताने लिहिली: पहाटेचा त्रास झाल्यास शाळेला निरोप पाठवतील. म्हणजे न येता लपून राहायचं नाही. शकूला वेगळं बोलावून त्या काय बोलल्या ते शकूने मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्यापायी मला बाईंनी व्याकरण शिकवायला लावलंय. आता मी मरते."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी इसाजीकाका परत आले. या वेळी हातात वही होती, पोस्टात असताना वापरायचे तसली लांबोळी. त्यांनी मला विचारलं, कुठल्या महिन्यात जास्त होतं. किती दिवस टिकतं. आधी कळतं का. गोळीने किती वेळ भागतं. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. इतक्या वर्षांत डॉक्टरांनीसुद्धा मला इतकं विचारलं नव्हतं.

बारा मेला कमिटी बसली. मी घरी होते. काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी गंगाबाईंनी सांगितलं, त्यात त्यांनी काही गाळलं नसावं. माझा कागद त्यांनी वाचून दाखवला. एक सभासद म्हणाले की हे सगळं खरं असेल तर प्रश्नच मिटला, दुसऱ्या बाई बघू. दुसरे म्हणाले की ही आजारी पडली तर वर्ग वाऱ्यावर पडेल.

तेव्हा इसाजीकाका बोलले. "पडली तर नाही, पडतेच," ते म्हणाले. "आषाढात आठ दिवस आणि थंडीच्या तोंडाला पाच-सहा. बाकीचं वर्ष ती कामावर असते, दोन वर्षांचं हजेरीपुस्तक इथे आहे, बघून घ्या. पावसाळ्यात टपालाचे रस्ते दर साल बंद व्हायचे. आम्ही पोस्ट बंद केलं नाही, थैल्या कुठल्या वाटेने न्यायच्या ते मे महिन्यात ठरवलं. ते आठ दिवस वर्ग कोण घेणार तेवढं आज लिहून ठेवा."

कोणी तरी त्यांना विचारलं की या मुलीने तुमच्याच आळीला फसवलं असं ऐकतो, ते खरं का. काका म्हणाले, खरं आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही, पण तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

मला कायम केलं नाही. उमेदवारी एक वर्ष वाढवली. वर्ग खाली दिला, पहिलीचा. पगार होता तोच. माझ्या गैरहजेरीचे दिवस गंगाबाईंनी स्वतः वर्ग घ्यायचा असं ठरावात लिहिलं, आणि मला वाटतं ते त्यांना मनापासून आवडलं नव्हतं, पण त्यांनी सही केली. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या की वर्षभर सगळ्यांचे डोळे तुमच्यावर असतील. मी म्हटलं, असू देत. आजवर सगळ्यांवर माझेच असत.

आळीतून जाताना मी आता थांबायचं तर सरळ थांबायची. अबीगेलकाकूने ओटीच्या कडेला एक स्टूल आणून ठेवलं. तिसऱ्या दारातली बाई माझी वेळ झाली की दार लावून घ्यायची, आणि तिने ते पुढे सहा वर्षं केलं, त्यांचं कुटुंब बोटीने इस्राएलला निघून जाईपर्यंत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिलीच्या वर्गात बावन्न मुली होत्या, निम्म्या पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या. तेव्हा मास्तरांनी किंवा बाईंनी तासभर बसून शिकवणं बरं दिसत नसे. खुर्ची असायची ती तपासनीस साहेबांसाठी. मी खुर्ची फळ्याजवळ ओढली आणि बसले. पाऊस लागला होता, छाती जड होती, आणि आज न लपवता बसायचं हे मी घरूनच ठरवून आले होते.

पुढच्या रांगेत विचुंबे गावाकडची एक मुलगी होती, वेणू नावाची, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, तुमी बसून का?"

"उभं राहिलं की मला धाप लागते."

"दमा हाय?"

"आहे."

"माज्या आजीला पन हाय. ती लय वरडते."

"मी ओरडणार नाही. मला ओरडता येत नाही."

तिने मागे वळून सगळ्या वर्गावर नजर टाकली, माझी अडचण तिच्या ध्यानात आली होती. "मंग आमी गडबड केली तर?"

मी म्हटलं, तर मी गप्प बसेन आणि तुमचं होईपर्यंत थांबेन. तिने विचार केला. हे तिला ओरडण्याहून वाईट वाटलं असावं. मागच्या दोघी भांडत होत्या त्यांना तिनेच कोपराने गप्प केलं, आणि मी बसल्या जागेवरून फळ्यावर ग काढला, लहानसा, कारण हात तेवढाच पोचत होता.